बांबूची खुंटी

आमच्या घरात तलवार नाही, तलवारीचा साज आहे. काळ्या लाखेचं म्यान, मुठीपुढची लोखंडी परज, रेशमी फितीने गुंडाळलेली मूठ, सगळं जिथल्या तिथे. फक्त आत पोलादाच्या जागी लाकडाचं पातं. आल्यागेल्याला काय कळणार? बिचारे कोनाड्यासमोर वाकून नमस्कार करतात. मी मनात म्हणते, करा बाबांनो, लाकडाला करा.

खरं पातं नाओबरोबर गेलं. नाओमासा, माझा एकुलता एक. शाळेत मास्तर होता, रशियाशी लढाई जुंपली आणि राखीव फौजेतला लेफ्टनंट म्हणून बोलावणं आलं. अधिकाऱ्यांना तलवार लागते आणि ती लष्करी मुठीतच बसवलेली लागते, म्हणून घरचं पातं सेन्दाईच्या दुकानात गेलं आणि पितळी मूठ, पत्र्याचं म्यान लेवून परत आलं. ते बघून माझा नवरा दोन दिवस कामाच्या फळीशी बसला नाही. मग त्याने मॅग्नोलियाचं लाकूड घेतलं, आणि पातं जाण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी भाऊ तासला. मुठीत शिरणाऱ्या देठापासून टोकापर्यंत तसाच, देठातलं खुंटीचं भोकसुद्धा त्याच जागी. साज मोकळा ठेवला तर सुटतो, वाकतो, म्हणून आत काहीतरी लागतं. "पातं येईल तेव्हा हे चुलीत घाल," एवढंच मला म्हणाला.

नवऱ्याचं नाव जिन्बेई. तोगाशी जिन्बेई. आम्ही त्सुरुओकाच्या गढीवरचे अगदी खालच्या पायरीचे लोक. नावाला सामुराई, आणि पोटाला जोडधंदा. घरोघरी तोच प्रकार होता. कुणी मुठी गुंडाळायचं, कुणी म्यानं कोरायचं. मग तलवारी लावून फिरायलाच बंदी आली आणि ज्या हातांनी मुठीवरचे सोन्याचे रातकिडे घडवले त्याच हातांनी नवरा चिलमींची टोकं आणि बायकांच्या केसातले आकडे करायला लागला. काळं तांबं रंगवायचं काम माझं. मुळा किसायचा, त्या रसात तो भाग बुडवायचा, मग काढ्यात उकळायचा. तीस वर्षं मुळा किसून माझ्या बोटांना तो वास कायमचा बसलाय. पण पात्याला मी कधी हात लावला नाही. बाईमाणसाने लावायचा नाही. साजाचे सुटे भाग पुसावेत, रंगवावेत, पातं नाही.

मार्चमध्ये मुकदेनची लढाई झाली आणि सरकारी कागद आला. 'ठावठिकाणा लागत नाही.' मेला म्हणत नाहीत, जिवंतही म्हणत नाहीत. त्या दिवसापासून माझी सून त्सुया रोज त्याचं ताट वाढते. बाहेर गेलेल्या माणसाचं ताट घरी वाढायचं, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही, अशी आमच्याकडे रीत. ताट ठेवायचं कुठे, तर त्या साजासमोर. आणि तीन वर्षांची चिसे शेजारी बसून म्हणायची, "बाबा, गरम आहे हं, फुंकून खा." मला तिथे थांबवत नसे.

त्सुयाचं दुखणं नुसतं नवऱ्याचं नव्हतं. तिचे वडील इगाराशी, तांदळाचे व्यापारी, गावात मोठा मान. त्यांनी उन्हाळ्यातच येऊन स्पष्ट सांगितलं होतं, "जावई बेपत्ता आहेत तोवर मुलगी तुमची. वाईट बातमी पक्की झाली की मी तिला घेऊन जाणार. चोवीस वर्षांची आहे. साकाताला एक चांगलं स्थळ आहे, बायको वारलीय, माणूस सज्जन."

"आणि चिसे?" मी विचारलं.

"ती तोगाशींच्या घराची. ती तुमच्याकडेच राहणार, ही काय विचारायची गोष्ट झाली?"

सगळीकडे तसंच होतं, हे मलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्सुयाने चिसेला असं काही घट्ट धरलं की पोर रडायला लागली. तेव्हापासून आमच्या घरात 'बेपत्ता' हा शब्द देवासारखा झाला. बेपत्ता आहे ना? मग बेपत्ताच राहू दे. तेवढ्यावर तीन जीव तरले होते.

नोव्हेंबरात, वळचणीखाली पर्सिमॉनची फळं सोलून दोरीला लटकवायचे दिवस होते तेव्हा, एक शिपाई आला. ओकुयामा त्याचं नाव, नाओचा हरकाम्या. एक पाय ओढत चालत होता. हातात जुन्या कांबळ्यात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. आणि मागून घाईघाईने इगाराशी. या भोळ्या पोराने रस्ता विचारायला नेमकं त्यांचंच दुकान गाठलं होतं! गावात दुसरं दुकान नव्हतं का, मेल्या?

ओकुयामा दारातच गुडघ्यावर बसला. आत ये म्हटलं तरी येईना. "काकू, मी काय आणलंय ते आधी ऐका," म्हणाला. "मग आत घ्यायचं का नाही ते ठरवा."

त्याने सांगितलं ते असं. मुकदेनला शेवटच्या दिवशी धुळीचं वादळ उठलं, हाताचं बोट दिसेना. नाओ आपली तुकडी घेऊन पुढे गेला. ओकुयामाला तेव्हाच मांडीत गोळी लागली. वादळ उतरल्यावर पुढच्या वस्तीतलं एक घर जळून कोळसा झालेलं सापडलं आणि आत माणसं. ओळखायला कुणाचा चेहरा उरला नव्हता. त्यातल्या एकाच्या मनगटाला तलवारीची दोरी बांधलेली होती.

"ही ती तलवार," तो म्हणाला. "बाहेरून सगळ्या सारख्याच, सेन्दाईच्या एकाच दुकानातल्या. आमच्या बाजूच्या कंपनीचे लेफ्टनंट निशिमे, तेही त्याच वादळात गेले, तेही सापडले नाहीत. उंचीही तेवढीच. ती तलवार त्यांची असेल नाहीतर आमच्या साहेबांची. निशिमेंचं घर अकिताकडे, आई एकटीच आहे. त्यांची तलवार नवी विकत घेतलेली, ओळखणारं कुणी नाही. पण साहेब मला सांगायचे, माझ्या पात्याचा जुना साज घरी आहे. म्हणून आधी इथे आलो. तुम्ही नाही म्हणालात तर मी अकिताला जाईन."

त्सुया माझ्या मागे उभी होती, तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

जिन्बेईने कांबळं सोडलं. पातं म्यानातून अर्धंच निघालं. आगीत भाजून आणि गंजून ते काळंठिक्कर झालेलं. पाण्याची लकेर नाही, धार नाही, कशावरून ओळखणार?

"देठावरून," नवरा म्हणाला. "देठ मुठीच्या आत होता, तो वाचला असेल. आमची मूठ त्या एकाच देठासाठी पोखरलीय. दुसरं कुठलंही पातं घाला, एक तर शिरणार नाही, नाहीतर डुगडुगेल. देठ पूर्ण बसला, भोकासमोर भोक आलं आणि बांबूची खुंटी आरपार गेली, तर पातं आमचं."

"म्हणजे सोप्पं झालं," इगाराशी म्हणाले. "घाला आत्ता."

"आत्ता नाही. उद्या सकाळी. स्नान करून."

"त्याला स्नान कशाला लागतं, तोगाशीसाहेब?"

"तुम्हाला तांदूळ मोजायला लागत नसेल," मी म्हटलं. राहवलंच नाही. इगाराशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंतच बोलली.

ओकुयामाला आम्ही ठेवून घेतलं. संध्याकाळी मी विहिरीवर तांदूळ धूत होते तर त्सुया येऊन माझ्या पायाशी बसली. थंडीने तिचे ओठ निळे पडले होते.

"आई, बाबांना सांगा ना. नाही बसली म्हणा म्हणावं. कुणाला काय कळतंय त्यातलं?"

"अगं, असेल कशावरून त्याची? निशिमेची असेल."

"असेल ना निशिमेचीच. पण नसली तर? आई, मी साकाताला गेले तर चिसे रात्री उठून कुणाला हाक मारेल? तिला माझ्या कुशीशिवाय झोप येत नाही हो. आणि ते येतील परत, आणि मी दुसऱ्याच्या घरात भांडी घासत असेन! एकदा सांगा ना बाबांना. तुमचं ऐकतात ते."

माझं ऐकतात म्हणे! चाळीस वर्षांत त्या माणसाने माझी एक गोष्ट ऐकली असेल तर शपथ. पण मी गेले. तो कामाच्या फळीशी बसला होता, उगाच अवजारं पुसत.

"अहो," मी म्हटलं, "उद्या बसली तरी बसली म्हणू नका."

त्याने वर पाहिलं नाही.

"ऐकू आलं का? ते व्याही दबा धरून बसलेत. एक खुंटी आरपार गेली की पोरीचा नवरा गेला आणि लेकरूही गेलं. एका शब्दाचा प्रश्न आहे."

"शब्दाचा नाही, हाताचा आहे," तो म्हणाला. "मूठ खोटं बोलत नाही म्हणून लोक आपल्या दारात येत होते. मी एकदा मुठीला खोटं बोलायला लावलं तर मग काय राहिलं माझ्याजवळ?"

"नात राहील! सून राहील!"

"तू जा."

"दगड आहात तुम्ही. पोटच्या पोरासाठी एकदाही डोळ्यातून टिपूस काढलं नाहीत. मी काय मुठीशी लग्न केलं होतं का?"

"तोसे, जा म्हटलं ना."

मी आले. येताना दार आपटलं. त्यानेही काही झालं नाही. आमची दारं कागदाची, आपटून आपटून आवाज तो किती येणार.

सकाळी सगळे बैठकीत बसले. इगाराशी कडक घड्यांचा किमोनो घालून, जणू लग्नाला आलेत. ओकुयामा हात मांडीवर ठेवून खाली मान घालून. चिसेला शेजारी पाठवलं होतं. मी आणि त्सुया दाराशी. तिने माझा हात धरला होता आणि तिची नखं माझ्या तळव्यात रुतत होती. मी हात सोडवला नाही.

नवऱ्याने पांढरा कपडा अंथरला. आधी आमचा साज सोडवला. छोट्या पितळी हातोडीने मुठीतली खुंटी ठोकून काढली, मूठ ओढली, परजेला टेकू देणारी पातळ चकती, परज, पुन्हा चकती, आणि शेवटी लाकडाचं पातं कपड्यावर पडलं. कसं हलकं वाजलं ते! मग त्या दुसऱ्या तलवारीची पितळी मूठ. ती निघता निघेना. ठोकून ठोकून एकदाची निघाली, आणि त्याने परज काढली, आणि देठ हातात घेऊन तो उजेडाकडे वळला.

तो फार वेळ बघत राहिला. मी त्याच्या हातांकडे पाहतच नव्हते. माझ्याने पाहवत नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्या चेहऱ्यावर, मेल्याच्या, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हे बुद्धा, मी म्हणत होते, शिरू देऊ नकोस. अडकव. कुठेतरी अडकव. कुणाचीही असू दे, त्या अकिताच्या पोराची असू दे, आमची नको. असंच म्हणत होते मी, दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू असू दे म्हणून.

पाठ वळवून त्याने आमची चकती चढवली, परज चढवली, पुन्हा चकती चढवली, मूठ लावली. तळहाताने खालून एक थाप दिली. दुसरी दिली. तिसरी.

"या," तो इगाराशींना म्हणाला. "बघून घ्या."

इगाराशी पुढे वाकले. ओकुयामाही सरकला. नवऱ्याने मूठ उजेडात धरली आणि खुंटी भोकाला लावली. खुंटी आत जाऊन थटली. पुढे पोलाद होतं. देठातलं भोक समोर आलंच नव्हतं, चांगलं तांदळाच्या दाण्याएवढं मागे राहिलं होतं.

"जोर लावा की," इगाराशी म्हणाले.

"तुम्ही लावा."

त्यांनी लावला. तोंड लाल होईपर्यंत लावला. खुंटीचं टोक चेपलं, पण गेली नाही.

"हे आमचं पातं नाही," जिन्बेई म्हणाला.

त्सुयाने जो आवाज काढला तो हसण्याचा होता का रडण्याचा, देव जाणे. ती तिथेच जमिनीवर कपाळ टेकून, "नाही ना? आई, नाही ना आपली?" असं म्हणत हलत राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, "नाही गं बाई, नाही. तुझे सासरे म्हणाले ना नाही? त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." ओकुयामाही डोळे पुसत होता. "साहेब कुठेतरी असतील," म्हणत होता, "कैदी म्हणून नेलं असेल, रशियात पुष्कळ कैदी आहेत अजून, रोज परत येतायत."

इगाराशी उठले. त्यांना वाईट वाटलं का बरं वाटलं ते कळलं नाही. शेवटी बाप होते. दारात थबकून लेकीला म्हणाले, "बरं झालं. राहा." आणि गेले.

मग काय, घरात सण! त्सुयाने लाल चवळ्या-तांदळाचा भात चढवायला घेतला. चिसेला आणलं, तिला उचलून गरगर फिरवलं. मी ओकुयामाला म्हटलं, "जेवल्याशिवाय जायचं नाही. मग घेऊन जा बाबा ती तलवार, अकिताला, तिथली आहे तिथे जाऊ दे." सहज म्हणाले मी, जणू शेजारणीची परडी परत करायची होती. तो बाहेर विहिरीवर तोंड धुवायला गेला.

नवरा बैठकीतून उठून कामाच्या खोलीत गेला होता. कपड्यावर सगळं तसंच पडलं होतं. हे कधी होत नाही. तो माणूस सुई जरी वापरली तरी जागेवर ठेवल्याशिवाय पाणी पीत नाही. मला वाटलं, थकला असेल बिचारा. काल त्याला दगड म्हणाले त्याचीही लाज वाटली. म्हटलं, आपण आवरू.

आमची परज आणि मूठ अजून त्या काळ्या पात्यावरच होती. ती काढायला म्हणून मी मूठ धरून ओढली. निघाली. चकती निघाली, परज निघाली, आतली आमची चकती निघाली. आणि तिच्याखाली अजून चकत्या. जाड, पितळी, लष्करी. सेन्दाईच्या त्या तलवारीच्या चकत्या त्याने काढल्याच नव्हत्या.

मला आधी वाटलं, गंजून चिकटल्या असतील. मी नख लावलं. अलगद घसरत आल्या आणि माझ्या मांडीवर पडल्या.

मुठीच्या वर चकत्या वाढल्या की मूठ तेवढी खाली राहते. तेवढंच. मूठ खाली राहिली की भोक भोकासमोर येत नाही. हे मला कुणी शिकवायला नको, माझा जन्म गेलाय त्या चकत्या घासण्यात. आणि जिन्बेईला? त्याला झोपेत विचारा, तो सांगेल.

विसरला असेल, मी स्वतःला सांगितलं. म्हातारा झालाय, हात थरथरतात, विसरला असेल. आणि बाईमाणसाने धरू नये ते पातं मी देठाशी धरलं. आमची पातळ चकती घातली. परज घातली, वरची चकती घातली. मूठ लावली आणि खालून तळहाताने एकच थाप दिली.

ती पूर्ण आत गेली. डुगडुग नाही, काही नाही. जणू आपल्या घरी आली. मी बांबूची खुंटी उचलली, टोक चेपलेलं होतं म्हणून उलटी करून लावली, आणि अंगठ्याने नुसती टेकवली तर ती आरपार गेली.

नाओ, माझ्या बाळा. तू लहानपणी ह्या मुठीच्या फितीखालचे रातकिडे बोटाने चाचपून बघायचास आणि मी तुझ्या हातावर फटका मारायचे. किती वेळा मारला तो फटका! तुझा चेहराही उरला नाही रे.

मी ओरडले नाही. कशी नाही ते मलाच माहीत नाही. दारात सावली पडली, वर पाहिलं तर नवरा उभा. माझ्या हातातली मूठ त्याने पाहिली, खुंटी पाहिली. त्याचं तोंड वाकडं झालं, लहान मुलाचं होतं तसं.

"बघितल्याबरोबर कळलं," तो म्हणाला. "देठावरच्या कानशीच्या रेघा. माझ्या बापाने मारलेल्या."

"मग मला काल नाही म्हणालात ते?"

"काल त्याची आहे हे कुठे माहीत होतं? काल मी खरं बोलायला तयार होतो, तोसे. देठ हातात आल्यावर नाही जमलं."

स्वयंपाकघरातून त्सुयाचा आवाज आला, "आई, चवळ्या शिजल्या का बघता का जरा?"

"आले हं!" मी ओरडले. आवाज माझाच होता, चांगला ठणठणीत. मग मी खुंटी ओढायला लागले. निघेना. अशी घट्ट बसली होती. ती हातोडीने ठोकूनच काढायला लागते, आणि तो ठोकण्याचा आवाज ह्या घरात इतकी वर्षं काढलेल्या सुनेला ओळखू येणार नाही? सकाळीच ऐकलाय तिने तो.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कामाच्या खोलीत गेला आणि मोठ्या हातोड्याने ऐरणीवर ठाणठाण काहीतरी ठोकायला लागला. काहीच नसेल ऐरणीवर. त्या आवाजात मी पितळी हातोडीने माझ्या पोराच्या तलवारीतली खुंटी काढली.

"बाबांना बघा कसा हुरूप आलाय!" त्सुया आतून हसत म्हणाली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती.

काळं पातं पुन्हा पितळी मुठीत घालून, कांबळ्यात गुंडाळून मी विहिरीवर गेले. ओकुयामा पायाला फडकं बांधत होता. मी ते त्याच्या हातात दिलं. त्याने दोन्ही हातांनी घेतलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ती बाई आली. अकिताची. एकटीच आहे म्हणाला होता. तिच्या घरी ना साज, ना मूठ, ना खुंटी. हा पोरगा दारात गुडघ्यावर बसेल आणि तो जे देईल ते ती घेईल. तिचा पोरगा रशियात कुठे तुरुंगात उकडलेला कोबी खात बसला असेल आणि ती माझ्या पोराच्या पात्यासमोर उदबत्ती लावेल.

"अकिताला जाऊ नकोस," मी म्हटलं.

"काकू?"

"जाऊ नकोस तिथे. ही तिच्या पोराची कशावरून? तिला असंच राहू दे. वाटेत डोंगरावर देऊळ लागतं, तिथल्या भिक्षूंकडे ठेव. नाव सांगू नकोस."

"पण तुमची नाही म्हटल्यावर ती त्यांचीच..." एवढं बोलून तो थांबला.

माझा चेहरा मी फार सांभाळला होता. पण तो शिपाई होता, नाओच्या अंगरख्याची बटणं लावणारा. त्याने हातातल्या कांबळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्याने ते कांबळं छातीशी धरलं, झोपलेलं पोर धरतात तसं.

तेवढ्यात त्सुया आली. गालाला पीठ लागलेलं, हातात बांबूच्या पानात बांधलेला लाल भात.

"भाऊ, जेवून जाच. आणि हे वाटेसाठी. अकिताच्या आईंनाही थोडा द्याल का? नाही नको, त्यांना कसा द्यायचा, त्यांच्या घरी तर..." तिचे डोळे भरून आले. "मी इतका वेळ नाचतेय, आई, आणि त्या बिचाऱ्यांचा मुलगा गेला. त्यांना सांगा हो भाऊ, त्सुरुओकाला एक बाई आहे, ती तुमच्या मुलासाठी रडली म्हणावं."

"सांगतो, वहिनी," ओकुयामा म्हणाला.

ती तिथेच विहिरीच्या कठड्याला टेकून रडायला लागली, दुसरीच्या पोरासाठी, मोकळ्या मनाने. मी तिच्याजवळ बसले. आणि मग मीही रडले. छाती पिटून रडले, तोंडाला बाही न लावता, शेजारीपाजारी ऐकोत नाहीतर न ऐकोत. त्सुया दचकलीच. माझे हात धरून म्हणायला लागली, "आई, आई, असं काय करताय, आपला थोडाच आहे तो?"